शनोंसोचे रेल्वे स्थानक आणि कित्तूरचा किल्ला

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव–कित्तूर–धारवाड या नियोजित रेल्वेमार्गाविषयी आपल्या भागात गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, तिच्यात भूसंपादन, नुकसानभरपाई आणि बेंगळूरला लवकर पोहोचण्याची सोय हे विषय पुन्हा पुन्हा येतात, आणि ते यायलाच हवेत. मात्र कित्तूरचे स्थानक नेमके कोठे उभे राहणार आणि तेथे उतरलेल्या माणसाला राणी चन्नम्मांच्या किल्ल्यापर्यंत पायी जाता येणार की नाही, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आमची कन्या नोकरीनिमित्त पॅरिसजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना मी आणि माझी पत्नी असे दोघेच एक दिवस रेल्वेने शनोंसो येथील शातो पाहून आलो. शातो म्हणजे फ्रान्समधील राजेरजवाड्यांचा गढीवजा प्रासाद. त्या सफरीत जे पाहिले त्याचा कित्तूरशी संबंध आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पॅरिसमध्ये मुंबईप्रमाणेच लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्थानके दिशेनुसार वाटलेली आहेत. नैऋत्येकडील गाड्या मोंपार्नास या स्थानकातून सुटतात. तेथून टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने निघाले की साधारण तासाभरात तूर शहराच्या वेशीवरचे सां-पिएर-दे-कोर हे जंक्शन येते. अंतर म्हणाल तर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे बेळगावहून साताऱ्यापर्यंत जावे इतके. या गाडीत आसन आरक्षित असावे लागते आणि तिकिटाचा दर विमानाप्रमाणे मागणीनुसार चढतो-उतरतो, त्यामुळे ते आगाऊ काढलेले बरे. एक गोष्ट मात्र आपल्याला चमत्कारिक वाटेल. गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे ती सुटण्यापूर्वी जेमतेम वीस मिनिटे आधी फलकावर झळकते आणि तोवर शेकडो माणसे सामानासह माना वर करून फलकाखाली ताटकळत असतात. या एका बाबतीत आपली बेळगाव स्टेशनवरची व्यवस्था अधिक माणुसकीची आहे, असे माझ्या पत्नीने तेथेच बजावले.

सां-पिएर-दे-कोर येथे गाडी बदलावी लागते. पुढची गाडी टीईआर या प्रादेशिक सेवेची असते. दोन-तीन डब्यांची, आरक्षण नसलेली, शेर नदीच्या खोऱ्यातून गावोगावी थांबत जाणारी ही गाडी आपल्या लोंढा पॅसेंजरच्या कुळातली म्हणावी लागेल. शाळकरी मुले, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि सायकल घेऊन चढलेले तरुण यांच्यासोबत अर्ध्या तासाच्या आत आपण शनोंसोच्या फलाटावर उतरतो. हे स्थानक अगदी लहान आहे. तेथे हमाल नाही, उपाहारगृह नाही, की वर्दळही नाही. परंतु फलाटावरून शातोचे प्रवेशद्वार चार-पाचशे मीटरच्या आत आहे आणि तेथे जायला कोणाला वाट विचारावी लागत नाही. गुडघ्याचे दुखणे असलेली माझी पत्नी कोणाचाही हात न धरता तेथवर चालत गेली. त्यापुढे चिनारच्या जातीच्या उंच झाडांची लांबलचक दुतर्फा रांग लागते. तिच्या सावलीतून चालत गेल्यावर अगदी शेवटी, बराच वेळ वाट पाहायला लावून, प्रासाद समोर येतो.

हा प्रासाद नदीच्या काठावर नव्हे, तर थेट नदीवर बांधलेला आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. राजाच्या खजिन्याशी संबंधित असलेल्या तोमा बोयेर या अधिकाऱ्याने येथील जुनी गढी पाडून, तिचा केवळ एक बुरूज राखून, १५१३ ते १५२१ या काळात नदीपात्रातील जुन्या पाणचक्कीच्या पायावर नवा वाडा उभारला. तो स्वतः युद्धमोहिमांत गुंतलेला असल्याने बांधकामावर देखरेख केली ती त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने. खोल्या दोन्ही बाजूंनी एका मधल्या दालनात उघडाव्यात आणि जिना गोल न ठेवता सरळ चढता असावा, असे त्या काळी फ्रान्समध्ये नवे असलेले निर्णय तिच्या देखरेखीत झाले. पुढे बोयेरच्या वारसांकडून हा वाडा सरकारी येणे म्हणून राजाकडे गेला आणि १५४७ मध्ये राजा दुसरा हेन्री याने तो आपल्या प्रेयसीला, दियान द पोआतिये हिला, देऊन टाकला. ती राजापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी होती आणि व्यवहारात अत्यंत चोख होती. तिने जमिनीचे उत्पन्न वाढवले, पुरापासून संरक्षण व्हावे म्हणून उंच बांध घालून बाग केली आणि फिलिबेर द लोर्म या वास्तुविशारदाकडून वाड्यापासून पैलतीरापर्यंत कमानींचा पूल बांधून घेतला.

१५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन राजाचा मृत्यू झाला, तेव्हा पट्टराणी काथरिन द मेदिसी हिने दियानला हा वाडा सोडायला लावला आणि बदल्यात शोमों येथील दुसरा शातो दिला. सवतीने बांधलेला पूल पाडून टाकावा असे तिला वाटले असते तर नवल नव्हते. पण तिने त्या पुलावरच साठ मीटर लांबीची आणि सहा मीटर रुंदीची दुमजली इमारत चढवली. खालच्या मजल्यावर नृत्यसमारंभांसाठी दालन केले. बागेच्या बाबतीतही तसेच घडले. दियानची बाग एका अंगाला तशीच राहिली आणि काथरिनने दुसऱ्या अंगाला आपली वेगळी बाग केली. आजही दारातून आत येताना डावी-उजवीकडे त्या दोघींच्या बागा एकमेकींवर नजर ठेवून असल्यासारख्या दिसतात. माझ्या पत्नीने दियानची बाग अधिक पसंत केली, मला मात्र काथरिनची लहान बाग आवडली. परतीच्या गाडीतही आमचे या विषयावर एकमत झाले नाही.

दालनात उभे राहून दोन्ही बाजूंच्या अठरा खिडक्यांतून पाणी पाहताना या वास्तूवर किती निरनिराळी कामे येऊन पडली याचे आश्चर्य वाटते. पतीचा खून झाल्यावर राजा तिसरा हेन्री याची विधवा लुईज हिने येथेच शोकात बरीच वर्षे काढली. तिची काळ्या रंगाची, चंदेरी अश्रू रंगवलेली खोली पाहिल्यावर आमच्या मागून हसतखिदळत येणारी मुलेही गप्प झाली. अठराव्या शतकात लुईज द्युपँ या विदुषीने येथे लेखक-विचारवंतांना बोलावले आणि रूसो हा काही काळ तिचा लेखनिक होता. राज्यक्रांतीत असे वाडे लुटले, जाळले जात असताना हा वाचला. वाडा म्हणजेच पूल आहे आणि आसपास नदी ओलांडायला दुसरा पूल नाही, हे तिने लोकांना पटवून दिले, असे सांगतात. आतले प्रार्थनागृह वाचवण्यासाठी तिने त्यात सरपणाची लाकडे भरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात मेनिए या चॉकलेट उद्योजक कुटुंबाने, जे १९१३ पासून आजतागायत या वास्तूचे मालक आहे, स्वखर्चाने त्याच दालनांत रुग्णालय चालवले आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तेथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच जर्मनव्याप्त प्रदेश आणि मुक्त प्रदेश यांची सीमारेषा झाली. वाड्याचे मुख्य दार व्याप्त प्रदेशात आणि दालनाचे दक्षिणेकडील दार मुक्त प्रदेशात, अशी स्थिती असल्याने अनेक जणांना त्या दारातून पलीकडे निसटता आले. सीमाभागात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या दारापाशी थोडे अधिक रेंगाळावेसे वाटले, हे मी मोकळेपणाने सांगतो.

स्वयंपाकघर हा या वाड्याचा मला सर्वांत आवडलेला भाग. ते नदीतल्या खांबांच्या पोकळ पायथ्यात आहे. शिधासामग्री होडीतून थेट खाली उतरवून घेता यावी अशी तेथे सोय होती. तांब्याची भांडी, मांस टांगायचे आकडे, भाकरीची भट्टी हे सारे मांडून ठेवलेले आहे. प्रत्येक दालनात ताज्या फुलांची मोठी रचना असते आणि ती फुले वाड्याच्याच मळ्यात पिकवलेली असतात. प्रवेशशुल्क माणशी दीड हजार रुपयांच्या वर पडते. ते स्वस्त नाही, हे मान्य केले पाहिजे. पण वास्तू वर्षाचे सर्व दिवस उघडी असते, माहितीपत्रक अनेक भाषांत हाती मिळते, स्वच्छतागृहे खरोखर स्वच्छ असतात आणि घरून आणलेला डबा उघडून बसायला झाडांखाली जागा ठेवलेली आहे. कन्येने बांधून दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी आम्ही तेथे बसून खाल्ली, तेव्हा कोणी येऊन हटकले नाही.

तेथील सारेच आदर्श आहे, असा माझा दावा मुळीच नाही. बहुसंख्य पर्यटक मोटारीने किंवा बसनेच येतात आणि वाहनतळ भला मोठा आहे. छोट्या गाडीच्या फेऱ्याही दिवसातून मोजक्याच असतात. एक चुकली तर पुढची येईपर्यंत बराच वेळ थांबावे लागते, म्हणून परतीची वेळ आधी ठरवूनच निघावे लागते. पण ज्या फेऱ्या आहेत त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या शातोच्या संकेतस्थळापासून फलाटावरील कागदापर्यंत सर्वत्र सारख्याच लिहिलेल्या असतात, आणि स्थानक व प्रवेशद्वार यांच्यामध्ये रिक्षा, दलाल किंवा घासाघीस यांपैकी काहीही येत नाही. पॅरिसहून निघालेले साठी ओलांडलेले, फ्रेंच भाषा न येणारे एक जोडपे कोणाच्याही मदतीवाचून सकाळी जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतू शकते, ते टीजीव्हीच्या वेगामुळे तर आहेच. पण माझ्या मते त्याहून अधिक ते या शेवटच्या चार-पाचशे मीटरमुळे आहे.

आता आपल्याकडे पाहू. एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेने घातलेला आपला लोहमार्ग मिरजेपासून लोंढ्यापर्यंत किती प्रेक्षणीय स्थळांच्या जवळून जातो, याचा आपल्याला विसर पडला आहे. देसूरच्या आसपास गाडीच्या खिडकीतून राजहंसगडाचा डोंगर दिसतो. खानापूरला उतरले की एकीकडे नंदगड आहे, जेथे कित्तूरच्या लढ्यातील वीर संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये फाशी देण्यात आले, आणि त्याच बाजूला गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी राहिलेली हलशी आहे. तेथील भूवराह नरसिंहाचे मंदिर पाहायला परदेशी अभ्यासक येतात, आणि बेळगावातील कित्येक सुशिक्षित घरांतील माणसांनी ते पाहिलेले नसते. उत्तरेला गोकाकचा धबधबा आहे आणि रेल्वेचे गोकाक रोड स्थानकही आहे. गाडी आहे आणि पाहण्याजोगे ठिकाणही आहे, पण त्या दोहोंच्या मध्ये आहे ती वडापची, म्हणजे भरल्यावरच सुटणाऱ्या खासगी जीपची, वाट पाहण्याची एक अनिश्चित घटका. सकाळच्या पॅसेंजरने खानापूरला उतरलेल्या कुटुंबाला हलशीची बस किती वाजता आहे, परतीची शेवटची बस कोणती आणि ती संध्याकाळच्या गाडीला मिळते की नाही, हे सांगणारा एक साधा फलकही स्थानकावर नसेल, तर ते कुटुंब साहजिकच स्वतःची गाडी काढते आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ते घरी बसतात. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आहे. तेव्हा रेल्वे आणि बस यांच्या वेळा जुळवल्या, तर बेळगावच्या एखाद्या गृहिणीला जवळजवळ चहाच्या पैशांत कदंबांची राजधानी पाहून येता येईल. पुणे–हुबळी वंदे भारत बेळगावला थांबू लागली याचा आनंद सर्वांनाच आहे, पण तिने आलेला पुण्याचा पाहुणा पुढे कसा आणि कोठे फिरणार, हे ठरवणे आपल्याच हाती आहे.

जुन्या मार्गाच्या बाबतीत स्थानके जेथे आहेत तेथेच राहणार, तेथे फलक आणि बसच्या वेळा यांवरच भागवावे लागेल. कित्तूरची गोष्ट निराळी आहे. दिवंगत सुरेश अंगडी हे रेल्वे राज्यमंत्री असताना ज्या मार्गाचा पाठपुरावा झाला, तो बेळगावहून कित्तूरमार्गे थेट धारवाडला जाणारा मार्ग प्रत्यक्षात आल्यावर लोंढा–अळणावरचा वळसा टळेल, एवढेच आपण ऐकत आलो आहोत. पण कित्तूरला रेल्वे प्रथमच येणार आहे. १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या किल्ल्यासमोर कंपनीच्या फौजेला हार खावी लागली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे ठार झाला, तो किल्ला, त्यातील वाड्याचे अवशेष आणि तेथील वस्तुसंग्रहालय हे सारे गावालगत आहे. शनोंसोला तेथील लोक स्त्रियांचा शातो म्हणतात, कारण तो बांधण्यापासून वाचवण्यापर्यंतची बहुतेक कामे स्त्रियांनी केली. कित्तूर तर एका राणीच्याच नावाने ओळखले जाते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये कित्तूर उत्सवाला जी गर्दी लोटते तिच्यासाठी, आणि वर्षभर शाळांच्या ज्या सहली येतात त्यांच्यासाठी, स्थानक किल्ल्यापासून पायी अंतरावर असणे आणि ते महामार्गापलीकडे तीन-चार किलोमीटरवर असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. स्थानकाची जागा एकदा कागदावर पक्की झाली की पुढची शंभर वर्षे ती बदलत नाही. म्हणून ही मागणी आराखडा अंतिम होण्यापूर्वी झाली पाहिजे. ती केवळ इतिहासप्रेमींनी करून भागणार नाही. कित्तूरचे व्यापारी, धारवाड व बेळगावच्या शिक्षणसंस्था आणि दोन्ही जिल्ह्यांचे लोकप्रतिनिधी यांनी ती एकत्रितपणे करावी.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. या मार्गासाठी देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी या भागांतील सुपीक जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांनी जो विरोध केला आहे, त्याला माझ्या मागणीमुळे धक्का लागावा असा माझा हेतू नाही. तिबार पीक देणारी जमीन सोडून पडीक जमिनीतून मार्ग न्यावा, हे त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. मार्ग कोठूनही गेला तरी कित्तूरला स्थानक होणारच आहे, आणि ते कोठे व्हावे याविषयी बोलण्यात कोणाच्या शेताचे नुकसान नाही. उलट, ज्यांच्या जमिनी जातील त्यांच्या मुलांना स्थानकापासून किल्ल्यापर्यंतच्या रस्त्यावर दुकाने, खानावळी, मार्गदर्शकाचे काम मिळावे, असा आग्रह भूसंपादनाच्या वाटाघाटीतच धरता येईल.

आणखी एक. शनोंसोमध्ये जर्मन माणसाला जर्मन भाषेत आणि जपानी माणसाला जपानी भाषेत माहिती वाचायला मिळते. ज्या जर्मनांशी दोन महायुद्धे झाली त्यांच्या भाषेचे पत्रक द्यायला तेथे कोणी कचरत नाही. हलशी, नंदगड, राजहंसगड आणि उद्या कित्तूर येथे कन्नड व इंग्रजीच्या जोडीला मराठी माहितीफलक लावण्यात कोणाची मानहानी होण्याचे कारण नाही. मिरज, सांगली, कोल्हापूर ही शहरे याच लोहमार्गाच्या टप्प्यात आहेत. येणाऱ्या पाहुण्यांपैकी मोठा वर्ग तिकडूनच येणार, हा साधा हिशेब आहे. मराठी पाहुण्याला रायण्णांची आणि चन्नम्मांची हकीकत त्याच्या भाषेत वाचायला मिळाली, तर त्यात कन्नडचाही मानच आहे.

कित्तूरचे स्थानक व्हायला काही वर्षे लागतील. तोवर संबंधित अधिकाऱ्यांनी खानापूर स्थानकाच्या फलाटावर हलशी व नंदगड येथे जाणाऱ्या-येणाऱ्या बसच्या वेळांचा फलक लावावा, त्या वेळा सकाळच्या व संध्याकाळच्या पॅसेंजर गाड्यांशी जुळवून घ्याव्यात आणि हाच प्रयोग देसूर–राजहंसगड या अंतरासाठी निदान रविवारी व सुटीच्या दिवशी करून पाहावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव